‘रोबोट’ शब्दाचे अर्थांतर : ‘आर. यू. आर.’ हे नाटक आणि त्याचे प्रेक्षक

१

नाटकाचा इतिहास लिहिताना संहितेच्या आवृत्त्या, प्रयोगांच्या तारखा आणि नटसंचांची नावे यांची नोंद सामान्यतः घेतली जाते. प्रेक्षकांनी त्या नाटकात काय पाहिले, याचा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहतो. पुष्कळ नाटकांच्या बाबतीत ही उणीव सोसण्यासारखी असते. परंतु काही नाटके अशी आहेत की त्यांच्या प्रेक्षकांचा विचार केल्यावाचून त्यांचा अर्थच हाती लागत नाही. चेक नाटककार कारेल चापेक (१८९०–१९३८) यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक या वर्गात मोडते.

या नाटकाने जगातील बहुतेक भाषांना ‘रोबोट’ हा शब्द दिला. आज हा शब्द उच्चारताच धातूचे, तारांचे आणि चक्रांचे एक यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु चापेक यांच्या नाटकातील रोबोट धातूचे नाहीत. किंबहुना ते यंत्रेच नाहीत. ते सजीव द्रव्यापासून बनवलेले, रक्तामांसाचे, बाह्यतः माणसापासून ओळखू न येणारे प्राणी आहेत. आजच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांचे नाते कारखान्यातील यंत्राशी नसून प्रयोगशाळेत घडवलेल्या मानवाशी, म्हणजे ज्याला आज ‘क्लोन’ म्हणतात त्या कल्पनेशी अधिक जवळचे आहे. मांसाचा रोबोट पोलादाचा झाला तो लेखकाच्या हातून नव्हे. तो प्रेक्षकांनी केला, आणि अवघ्या काही वर्षांत केला. हे अर्थांतर कोणत्या टप्प्यांनी घडले, त्याची कारणे कोणती आणि त्यामुळे नाटकातील कोणता प्रश्न दृष्टीआड झाला, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम संहितेकडे वळणे अवश्य आहे. नाटक १९२० मध्ये लिहिले गेले आणि त्याच वर्षी प्राग येथील आव्हेंटिनम या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले. एक प्रास्ताविक सुखात्म प्रवेश आणि तीन अंक अशी त्याची रचना आहे. मूळ चेक पुस्तकावरही ‘रॉसम्स युनिव्हर्सल रोबोट्स’ हे कारखान्याचे नाव इंग्रजीतच छापले होते, कारण तो कारखाना सर्व जगाला माल पुरवणारा आहे. ‘रॉसम’ या आडनावात ‘रोझुम’ म्हणजे बुद्धी या अर्थाच्या चेक शब्दाचा ध्वनी दडलेला आहे.

कथानक थोडक्यात असे. वृद्ध रॉसम हा शरीरशास्त्रज्ञ जीवद्रव्यासारखा एक पदार्थ शोधून काढतो आणि त्यापासून हुबेहूब मनुष्य घडवण्याच्या मागे लागतो. ईश्वराची आवश्यकता नाही एवढे सिद्ध करणे हाच त्याचा ध्यास आहे. त्याचा पुतण्या अभियंता आहे. त्याला मनुष्य नको, कामकरी हवा. मनुष्याच्या ठायी कामाला निरुपयोगी असे जे जे आहे ते सारे तो गाळून टाकतो, आणि अशा रीतीने रोबोट जन्मास येतो. कारखान्यात पिठाच्या कणकेसारखे द्रव्य मळण्याची यंत्रे आहेत, यकृते व मेंदू यांचे रांजण आहेत, आणि मज्जातंतू व शिरा यांची सूतगिरणी आहे. या कारखान्याचा महाव्यवस्थापक दोमिन याच्याकडे मानवता संघाची प्रतिनिधी म्हणून हेलेना ग्लोरी ही तरुणी येते. रोबोटांना माणसासारखे वागवावे, असा तिचा आग्रह असतो. पुढे तिच्याच विनंतीवरून डॉ. गाल रोबोटांच्या घडणीत काही फरक करतो, त्यांच्यात असंतोष उत्पन्न होतो, आणि अखेर ते मानवजातीचा संहार करतात. हाताने काम करणारा म्हणून एकटा आल्क्विस्ट तेवढा जिवंत ठेवला जातो. रोबोटांना पुनरुत्पादनाचे रहस्य ठाऊक नसते आणि ते सांगणारे कागद हेलेनाने जाळलेले असतात. शेवटी प्रीमुस आणि हेलेना हे दोन रोबोट एकमेकांसाठी मरण्यास सिद्ध होतात. हे पाहून आल्क्विस्ट त्यांना नवे आदम आणि ईव्ह म्हणून निरोप देतो.

या कथेतील तीन बारीक गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, हेलेना कारखान्यात येते तेव्हा सुल्ला ही रोबोट स्त्री मनुष्य नाही यावर तिचा विश्वास बसत नाही. दोमिन तिला विच्छेदनगृहात नेऊन उघडून दाखवण्याची तयारी दर्शवतो तेव्हा हेलेना हादरते. पुढे कारखान्याच्या अधिकाऱ्यांनाच ती रोबोट समजते. म्हणजे मनुष्य कोणता आणि रोबोट कोणता हे पाहणाऱ्यास कळू नये, यावरच प्रारंभीचा विनोद उभा आहे. दुसरी गोष्ट वेदनेविषयीची आहे. रोबोटांना वेदना नसते म्हणून ते स्वतःस इजा करून घेतात. मालाची ही नासाडी टळावी म्हणून डॉ. गाल त्यांच्यात वेदना घालण्याच्या खटपटीत आहे. तिसरी गोष्ट अशी की, अधूनमधून एखाद्या रोबोटाला झटका येतो. तो हातातील वस्तू फेकून देतो, दात खातो, आणि मग त्याला चुरा करण्यासाठी गिरणीत पाठवले जाते. दोमिनच्या मते हा उत्पादनातील दोष होय. हेलेनाच्या मते तो आत्मा होय.

या तिन्ही गोष्टी धातूच्या यंत्राविषयी संभवत नाहीत. यंत्राला उघडून पाहण्यात कोणालाही भीती वाटत नाही, आणि त्याला वेदना देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. माणसासारखे शरीर, माणसासारखी वेदना, पण माणसाचा अधिकार नाही, असा प्राणी केवळ राबवण्यासाठी निर्माण करावा काय, हा नाटकाचा मूळ प्रश्न आहे.

३

आता शब्दाकडे. ‘रोबोट’ हा शब्द कारेल यांनी नव्हे, तर त्यांचे बंधू चित्रकार योसेफ चापेक यांनी सुचवला. ही हकीकत स्वतः कारेल यांनी १९३३ च्या डिसेंबरात ‘लिदोव्हे नोव्हिनी’ या वृत्तपत्रात सांगितली आहे. ‘श्रम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लाबोरि’ असे नाव त्यांच्या मनात होते, पण ते त्यांना पुस्तकी वाटत होते. योसेफ त्या वेळी कुंचला तोंडात धरून चित्र काढत होते. त्यांनी तसेच पुटपुटत ‘रोबोट म्हण’ असे सुचवले.

‘रोबोटा’ हा चेक भाषेतील जुना शब्द आहे. जमीनदाराच्या शेतावर कुळाने विनामोबदला करावयाचे सक्तीचे काम, असा त्याचा अर्थ. आपल्याकडील ‘वेठ’ या शब्दाशी तो नेमका जुळतो. बोहेमियात या वेठीविरुद्ध १७७५ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी मारिया थेरेसा हिच्या सनदेने ती आठवड्यास जास्तीत जास्त तीन दिवसांवर आणली गेली. ती पूर्णपणे रद्द होण्यास १८४८ साल उजाडावे लागले. म्हणजे १९२१ मध्ये प्रागच्या नाट्यगृहात बसलेल्या अनेक प्रेक्षकांच्या पणज्यांनी ही वेठ प्रत्यक्ष सोसलेली होती. सामान्य कामाला चेक भाषेत ‘प्राट्से’ हा निराळा शब्द आहे. त्यामुळे ‘रोबोट’ या नावात चेक कानाला काम ऐकू येत नसे, गुलामी ऐकू येत असे.

येथे भाषेच्या अभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. ‘रोबोटा’ आणि मराठी ‘राबणे’ यांचे ध्वनिसाम्य पाहून त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु तो आवरला पाहिजे. स्लाव्ह भाषांतील ‘रोब-’ अथवा ‘राब-’ हे रूप वर्णविपर्ययाने पूर्वीच्या ‘ओर्ब-’ पासून आलेले आहे. तुलनात्मक भाषाशास्त्राच्या मते जर्मन ‘आर्बाइट’ आणि संस्कृत ‘अर्भ’, ‘अर्भक’ हे शब्द त्याच मुळाचे होत. संस्कृतात ‘र’ आणि ‘भ’ यांचा मूळ क्रम टिकलेला असल्यामुळे ‘राबणे’ या क्रियापदाला या घराण्यात जागा मिळत नाही. ‘अर्भक’ मात्र ‘रोबोट’ शब्दाचे दूरचे भावंड ठरते, आणि ज्यांना मूल होऊ शकत नाही अशा प्राण्यांच्या नावाचे हे नाते विलक्षणच म्हटले पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, स्लाव्ह भाषांमध्येही या शब्दाचा भाव एक नाही. रशियन ‘राबोता’ आणि स्लोव्हाक ‘रोबोटा’ यांचा अर्थ साधे काम एवढाच आहे. म्हणून ‘रोबोट’ हे नाव प्रागमध्ये वेठबिगाराचे, ब्रातिस्लाव्हात कामकऱ्याचे, आणि लंडनमध्ये कशाचेच नव्हते. जो शब्द परभाषेत पूर्णपणे अपारदर्शक असतो, त्याचा अर्थ व्युत्पत्ती ठरवत नाही. तो ऐकणारे आपल्या अनुभवातून भरून काढतात. ‘आर. यू. आर.’च्या प्रेक्षकांनी नेमके हेच केले.

४

नाटकाचा पहिला प्रयोग प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात व्हावयाचा होता. तो लांबणीवर पडल्यामुळे ह्राडेत्स क्रालोवे या गावातील हौशी मंडळीने २ जानेवारी १९२१ रोजी तो आधी सादर केला. राष्ट्रीय नाट्यगृहातील प्रयोग २५ जानेवारी १९२१ रोजी झाला. दिग्दर्शन व्होयटा नोव्हाक यांचे, नेपथ्य बेड्रिख फॉयरश्टाईन यांचे आणि वेशभूषा योसेफ चापेक यांची होती. रोबोटांच्या वेशाविषयी संहितेतील सूचना स्पष्ट आहे. प्रास्ताविक प्रवेशात त्यांचे कपडे माणसांसारखेच. फक्त हालचाल आणि बोलणे त्रोटक, चेहरा निर्विकार, नजर स्थिर. पुढील अंकांत ताग्याच्या जाड कापडाचे सदरे, कमरेला पट्टा आणि छातीवर पितळी क्रमांक. साऱ्या रोबोटात धातू असा तो एवढाच.

त्या वेळच्या प्रागचे वातावरणही लक्षात घेतले पाहिजे. महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाचा जन्म १९१८ च्या ऑक्टोबरातला, आणि नाटकाच्या आदल्याच महिन्यात, १९२० च्या डिसेंबरात, देशात मोठा राजकीय संप होऊन गेला होता. रशियातील क्रांती ताजी होती. अशा वेळी रंगभूमीवर कामकऱ्यांची एक संपूर्ण जात मालकांविरुद्ध उठते आणि जगाला उद्देशून जाहीरनामा काढते, हे पाहताना प्रेक्षकांस वर्गयुद्ध आठवले नसते तरच नवल. ‘रोबोट’ या शब्दातील वेठीच्या स्मरणाने या वाचनास बळच मिळत होते.

अटलांटिकपलीकडे प्रसंग बदलला. न्यूयॉर्कच्या थिएटर गिल्डने ९ ऑक्टोबर १९२२ रोजी गॅरिक नाट्यगृहात हे नाटक आणले आणि त्याचे १८० च्या वर प्रयोग झाले. पुढे चित्रपटांत नावारूपास आलेले स्पेन्सर ट्रेसी आणि पॅट ओब्रायन हे त्यात रोबोटांच्या मूक भूमिकांत होते. इंग्रजी भाषांतर पॉल सेल्व्हर यांचे होते. लंडनच्या प्रयोगासाठी त्यावर नायजेल प्लेफेअर यांनी संस्कार केले. या इंग्रजी रूपात मूळ नाटक पुष्कळ आटोपशीर झाले. डेमन हे पात्र गाळून त्याचे संवाद रेडियस या रोबोटपुढाऱ्याकडे गेले आणि शेवटच्या अंकातील मजकूर छाटला गेला. संपूर्ण संहितेचे इंग्रजी भाषांतर वाचकांच्या हाती पडण्यास १९९० साल यावे लागले. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे इंग्रजी जगाने जे नाटक पाहिले व वाचले ते मुळाहून तोकडे होते.

लंडनचा प्रयोग सेंट मार्टिन्स नाट्यगृहात २४ एप्रिल १९२३ रोजी सुरू झाला. त्याने प्रेक्षकांत एवढी खळबळ उडवली की २१ जून रोजी त्याच ठिकाणी एक जाहीर चर्चा घडवून आणण्यात आली. जॉर्ज बर्नार्ड शॉ, जी. के. चेस्टरटन आणि कमांडर केनवर्दी हे तीत वक्ते होते. वृत्तपत्रीय वृत्तान्तानुसार शॉ यांनी रोबोटाची व्याख्या केली ती अशी : ज्याची सारी कृत्ये बाहेरून लादलेली असतात तो रोबोट. ही व्याख्या मार्मिक आहे. पण तिचा रोख कृत्रिम प्राण्याकडे नाही. तो गिरणीत, कचेरीत आणि सैन्यात खपणाऱ्या सामान्य मनुष्याकडे आहे. येथे रोबोट हा एक रूपकात्मक शब्द झाला. नाटकात जो घडवलेला होता, तो व्याख्येत घडवला गेलेला समाज झाला.

चापेक या चर्चेस उपस्थित नव्हते. त्यांनी जुलै १९२३ मध्ये लंडनच्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ पत्रातून उत्तर दिले. वक्त्यांना रोबोटांत जेवढे स्वारस्य दिसते तेवढे आपल्याला नव्हते, आपल्याला माणसांत अधिक होते, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ. आपण लिहिली ती अंशतः विज्ञानाची आणि अंशतः सत्याची सुखात्मिका होय, असे ते म्हणतात. मनुष्य श्रमातून मुक्त व्हावा असे म्हणणारा दोमिन खरा आहे. यंत्रयुगाने मनुष्य भ्रष्ट होतो असे मानणारा आल्क्विस्टही खरा आहे. मागणी आहे म्हणून उत्पादन करणारा बुसमन खरा आहे. आणि या साऱ्याची भीती वाटणारी हेलेनाही खरीच आहे. झगडा सत्य आणि असत्य यांचा नसून सत्य आणि सत्य यांचा आहे. नाटककाराने स्वतःच्या कृतीचे केलेले हे विवरण प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेतूनच निर्माण झाले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

५

१९२३ पर्यंत रोबोटाचे अर्थ तीन झाले होते : वेठबिगार, बंडखोर कामकरी आणि यंत्रवत् जीवन जगणारा मनुष्य. तिन्हींत एक गोष्ट समान होती. रोबोट हा कोणत्या ना कोणत्या प्रकारे मनुष्य होता. धातूचा अर्थ यानंतरच्या चार-पाच वर्षांत वर आला.

याची चाहूल प्रथम रंगभूमीवरच लागते. बर्लिनच्या १९२३ मधील प्रयोगासाठी फ्रेडरिक कीसलर यांनी उभारलेले नेपथ्य हलत्या यांत्रिक भागांचे, दिव्यांचे आणि चित्रपटाच्या प्रक्षेपणाचे होते. रोबोट मांसाचे असले तरी त्यांच्यामागची भिंत यंत्राची झाली. १९२४ मध्ये रशियन लेखक अलेक्सेय तोलस्तोय यांनी याच कथानकावर नाटक रचले. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ ‘यंत्रांचे बंड’ असा आहे. मूळ नाटकात बंड यंत्रांचे नव्हतेच. परंतु रशियन भाषेत ‘राबोता’ म्हणजे नुसते काम, आणि कामगारांच्या राज्यात कामकऱ्यांचे बंड दाखवणे अवघड. तेव्हा बंडखोर यंत्रे झाली. हे स्पष्टीकरण अनुमानाचे आहे, पण शीर्षकातील बदल हा पुरावा अनुमानाचा नाही.

याच वर्षी टोकियोच्या त्सुकिजी लघुनाट्यगृहात हे नाटक ‘जिन्झो निन्गेन’ या नावाने झाले. या जपानी समासाचा अर्थ ‘कृत्रिम मनुष्य’ असा आहे. त्यात यंत्र नाही आणि वेठही नाही. पण मनुष्य आहे. मूळ कल्पनेला सर्वांत जवळचे असे हे भाषांतर म्हणावे लागेल. पुढे जपानीतही परकीय ‘रोबोत्तो’ रूढ झाला आणि यंत्राच्या अर्थाने स्थिरावला.

निर्णायक घटना मात्र नाट्यगृहाबाहेर घडली. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनला नमुना-अभियंत्यांच्या संस्थेचे प्रदर्शन भरले. उद्घाटनास ड्यूक ऑफ यॉर्क येऊ शकत नव्हते. तेव्हा कॅप्टन रिचर्ड्स आणि रेफेल यांनी एक ॲल्युमिनियमचा चिलखती पुतळा तयार केला. त्याचे नाव ‘एरिक’. तो उठून उभा राही, मान वळवी आणि भाषण करी. त्याच्या छातीवर ठळक अक्षरे होती : आर. यू. आर. नाटकातील रोबोटाच्या छातीवर क्रमांकाची पितळी पट्टी होती. येथे सारे शरीर धातूचे झाले आणि छातीवर नाटकाचे नाव आले. ज्यांनी नाटक कधी पाहिले नाही अशा असंख्य लोकांना रोबोट म्हणजे काय हे या प्रदर्शनाने आणि त्याच्या छायाचित्रांनी शिकवले. याच सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने १९२७ मध्ये ‘टेलिव्हॉक्स’ हे दूरध्वनीवरील ध्वनिसंकेतांनी चालणारे यंत्र दाखवले, आणि त्याच वर्षी फ्रिट्स लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटातील धातूची स्त्री लोकांनी पाहिली. शब्द इतका यंत्राकडे सरकला की रस्त्यावरील स्वयंचलित दिव्यांनाही ‘रोबोट’ म्हणू लागले. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत तो अर्थ अजून प्रचलित आहे.

चापेक यांना हे सहन झाले नाही. जून १९३५ मध्ये ‘लिदोव्हे नोव्हिनी’त त्यांनी ‘रोबोटांचा लेखक आपली बाजू मांडतो’ अशा आशयाच्या मथळ्याखाली निषेध नोंदवला. आपले रोबोट पत्र्याचे आणि दातेरी चक्रांचे नव्हते, ते रासायनिक मार्गाने बनवलेल्या सजीव द्रव्याचे होते. यंत्रे कधी माणसाची जागा घेतील, किंवा त्यांच्या चक्रांत जीव जागा होईल, ही कल्पना आपली नव्हे आणि तिची जबाबदारी आपण घेत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या निषेधाचा परिणाम काहीच झाला नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत बी. बी. सी.ने नाटकाचा ३५ मिनिटांचा भाग दूरचित्रवाणीवर दाखवला आणि त्याच वर्षाच्या नाताळात चापेक वारले. त्यांचे बंधू योसेफ १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झन येथील नात्सी छळछावणीत मरण पावले. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्यापैकी एकाला सक्तीच्या कैदेत मरण यावे, हा इतिहासाचा क्रूर योगायोग होय.

६

हे अर्थांतर का घडले? भाषांतरातील काटछाट, नेपथ्यातील यंत्रे, परभाषेत शब्दाची अपारदर्शकता आणि कारखान्यांच्या वाढत्या यांत्रिकीकरणाचा अनुभव ही कारणे वर आलीच आहेत. परंतु तेवढ्याने समाधान होत नाही. यामागे एक अधिक खोल कारण दिसते.

मांसाचा रोबोट प्रेक्षकाला दोन भावना देतो : भीती आणि अपराध. तो आपल्यावर उलटेल ही भीती, आणि त्याने उलटावे असेच आपण त्याला वागवले हा अपराध. धातूचा रोबोट यांपैकी फक्त पहिली भावना देतो. यंत्र बंड करू लागले तर ते थोपवावे एवढाच प्रश्न उरतो; त्याला न्याय द्यावा असा प्रश्न उरत नाही. नाटकातील हेलेनाच्या मागणीला यंत्राच्या बाबतीत काही अर्थच राहत नाही. धातूच्या पुतळ्याने नाटकातील रोमांच तेवढा ठेवला आणि त्यातील नैतिक भार काढून घेतला. प्रेक्षकांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणता येणार नाही. पण ज्या अर्थाने मन हलके होते तो अर्थ समाजात लवकर रुजतो, हे शब्दांच्या इतिहासात अनेकदा दिसून येते.

या विधानाची परीक्षा करण्याची संधी विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. ‘क्लोन’ हा शब्द ग्रीक ‘क्लोन’ म्हणजे डहाळी यापासून १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या वनस्पतिशास्त्रज्ञाने कलमांसाठी योजला. मानवाच्या संदर्भात तो वापरणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत जे. बी. एस. हॉल्डेन यांची गणना होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानात हा विचार आहे. ते त्या वेळी भारतात स्थायिक झालेले होते आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमधील रॉस्लिन संस्थेत ‘डॉली’ ही मेंढी जन्मली आणि १९९७ च्या फेब्रुवारीत ही वार्ता जाहीर झाली, तेव्हा हा विचार व्याख्यानांतून वर्तमानपत्रांत आला. मार्च २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने मानवी क्लोननिर्मितीविरुद्ध घोषणा संमत केली. तिच्या बाजूस ८४, विरोधात ३४ आणि तटस्थ ३७ मते पडली.

त्याच वर्षी काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी आली. तिच्यावरून २०१० मध्ये मार्क रोमानेक यांनी चित्रपट केला आणि २०१६ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर मालिका झाली. यातील तरुण मुले क्लोन आहेत. त्यांना इतरांसाठी अवयव देत देत अल्पवयात मरावयाचे आहे. ती शाळेत शिकतात, चित्रे काढतात, प्रेम करतात आणि नेमून दिलेल्या वाटेने जातात. या कथेच्या वाचकांनी आणि प्रेक्षकांनी सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न असा : ही मुले पळून का जात नाहीत? इशिगुरो यांनी मुलाखतींतून यावर दिलेल्या उत्तराचा आशय असा की, सुटकेची कथा लिहिण्यात आपल्याला रस नव्हता. माणसे आपल्या वाट्याला आलेले आयुष्य ज्या प्रकारे स्वीकारतात तेच आपल्याला दाखवावयाचे होते.

‘आर. यू. आर.’च्या इतिहासाच्या उजेडात या प्रश्नाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १९२३ चा प्रेक्षक रोबोटांनी बंड केले म्हणून घाबरला; २०१० चा प्रेक्षक क्लोनांनी बंड केले नाही म्हणून अस्वस्थ झाला. बंड झाले असते तर प्रेक्षकाला आपली जागा सापडली असती. एक तर तो त्यांच्या बाजूस उभा राहिला असता, नाही तर त्यांच्यापासून स्वतःचे रक्षण करण्याच्या विचारास लागला असता. बंड नसल्यामुळे भीती नाहीशी होते आणि अपराध एकटाच उरतो. चापेक यांच्या नाटकातून धातूच्या पुतळ्याने जे काढून घेतले होते, ते येथे परत आले. पळून का जात नाहीत, हा प्रश्न म्हणजे बंडाची, पर्यायाने सुटकेची, मागणी होय. आणि ती सुटका पात्रांइतकीच पाहणाऱ्यालाही हवी असते.

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. चापेक यांचा रोबोट प्रौढच बाहेर पडतो. त्याला बालपण नाही, आई नाही. क्लोन हा, शास्त्राच्या दृष्टीने, उशिरा जन्मलेला जुळा भाऊच होय. त्याला गर्भाशय लागते आणि बालपण असते. म्हणून क्लोनविषयीच्या कथेत शाळा येते आणि रोबोटविषयीच्या कथेत कारखाना. हा भेद असूनही दोहोंतील प्रश्न एकच आहे : उपयोगासाठी निर्माण केलेल्या जीवाचे आपण काय लागतो?

७

शेवटी मराठीविषयी. मराठीत ‘रोबोट’ या शब्दाबरोबरच ‘यंत्रमानव’ हा शब्द रूढ आहे. तो सुबोध आहे, सुघटित आहे आणि आजच्या यंत्राला तो योग्यही आहे. परंतु हा शब्द घडला तो चापेक यांच्या नाटकावरून नव्हे, तर त्या नाटकाच्या प्रेक्षकांनी बनवलेल्या अर्थावरून. परकीय ‘रोबोट’ शब्द अपारदर्शक असल्यामुळे त्याच्यात जुना अर्थ निदान दडून तरी राहतो. ‘यंत्रमानव’ हा पारदर्शक समास असल्यामुळे त्याने तो दरवाजा बंद केला आहे. ‘आर. यू. आर.’ मराठीत आणू पाहणाऱ्याने ‘यंत्रमानव’ शब्द योजला तर पहिल्याच प्रवेशात सुल्लाचे रहस्य फुटेल आणि विच्छेदनगृहाचा प्रसंग निरर्थक होईल. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला ‘वेठ’ हा शब्द मात्र मराठीत जिवंत आहे; वेठबिगारी आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने रद्द व्हावी लागली, इतकी ती जवळची आहे. प्रागच्या प्रेक्षकाला ‘रोबोट’ ऐकून जे वाटले असेल ते मराठी श्रोत्याला ‘वेठ्या’सारख्या एखाद्या शब्दाने वाटू शकेल.

‘क्लोन’च्या बाबतीतही हीच दक्षता हवी. त्यासाठी ‘प्रतिकृती’ हा शब्द अनेकदा योजला जातो. प्रतिकृती वस्तूची असते, चित्राची असते, पुतळ्याची असते. मूळ श्रेष्ठ आणि प्रतिकृती दुय्यम, हा निवाडा त्या शब्दातच आहे. ज्या जीवाविषयी तो मनुष्य आहे की नाही हा प्रश्न विचारावयाचा, त्याला आरंभीच वस्तूचे नाव देऊन टाकल्यास प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर दिल्यासारखे होते. एका चेक नाटकाच्या प्रेक्षकांनी एकदा अशा जीवाला पोलादाचे शरीर दिले, आणि त्याबरोबर त्याच्याविषयीचे आपले कर्तव्यही पोलादाच्या हवाली केले. तो अर्थ पुन्हा मांसात आणण्याचे काम शब्दांच्या निवडीपासूनच सुरू करावे लागेल.